टेबरचा हिशेब: सही, मत, परतावा आणि फी

कोलोरॅडोत नव्याने राहायला आलेल्या मराठी घरात पहिल्या टॅक्स सीझनला एक प्रश्न येतोच: ‘टेबरचे पैसे क्लेम केलेत का?’ विचारणारा ऑफिसातला सहकारी असतो, नाहीतर मंडळाच्या संक्रांतीला भेटलेले जुने काका. टेबर म्हणजे काय हे विचारायला संकोच वाटतो, पण पैसे खरे असतात. २०२२ साली माणशी ७५० डॉलर, नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर १,५००. पुढे २०२३ च्या रिटर्नवर माणशी ८००. राज्य सरकार एवढी रक्कम का वाटतं, ती येते कुठून, आणि वाटायलाच हवी असा नियम मुळात कोणी आणि किती खर्च करून आणला? हे कळलं की नोव्हेंबरात घरी येणारी मतपत्रिका निम्मी सोपी होते. मताचा हक्क नसलेल्यांनीही पुढे वाचावं. परतावा त्यांनाही मिळतो, आणि फी तर सगळेच भरतात.

नियम काय आहे

टेबर हे ‘टॅक्सपेयर्स बिल ऑफ राइट्स’चं लघुरूप. नोव्हेंबर १९९२ मध्ये मतदारांनीच सह्या करून मतपत्रिकेवर आणलेली आणि मतदारांनीच मंजूर केलेली ही घटनादुरुस्ती. कर्ते डग्लस ब्रूस. हे गृहस्थ आधी लॉस एंजेलिसमध्ये सरकारी वकील होते, नंतर कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये घरं भाड्याने देऊ लागले. १९८८ आणि १९९० मध्ये त्यांचे प्रस्ताव पडले, तिसऱ्या खेपेला ५४ टक्क्यांच्या थोडं खाली मतं घेऊन पास झाला. (याच ब्रूस यांना २०११ मध्ये करचुकवेगिरीसाठी दोषी ठरवलं गेलं आणि तुरुंगात जावं लागलं. त्यावरून नियमाचा बरेवाईटपणा ठरत नाही, पण कोलोरॅडोत हा विषय निघाला की कोणीतरी ही गोष्ट सांगतंच.)

आपल्याकडे नागरिकांनी सह्या गोळा करून थेट राज्यघटना बदलायची सोय नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळचं उदाहरण म्हणजे दारूबंदीचं मतदान: गावातल्या वा वॉर्डातल्या २५ टक्के महिलांनी सह्या करून मागणी करायची, आणि मग ‘उभी बाटली, आडवी बाटली’ यावर शिक्का मारायचा. कोलोरॅडोत याच पद्धतीने अख्ख्या राज्याचा खर्च आवळता येतो.

टेबरमध्ये तशी अनेक कलमं आहेत, पण घराच्या बजेटला भिडणारी दोन. पहिलं, राज्य असो, काउंटी असो, शहर असो की शाळेचा डिस्ट्रिक्ट, नवा कर लावायचा किंवा दर वाढवायचा तर मतदारांची परवानगी लागते. दुसरं, सरकारच्या उत्पन्नाची वाढ महागाई अधिक लोकसंख्यावाढ एवढ्यापुरतीच. त्यावर जमा झालेला पैसा ठेवून घ्यायला मतदारांनी हो म्हटलं नसेल, तर तो परत. घरी येणारे डॉलर या दुसऱ्या कलमातून येतात.

पहिल्या कलमाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. कर वाढवण्याआधी विचारा, हे कोणालाही पटण्यासारखं आहे. खरी मेख दुसऱ्यात आहे. समजा, एका वर्षी मर्यादा १०० डॉलर होती. मंदी आली, जमा झाले ८५. पुढच्या वर्षी महागाई आणि लोकसंख्या मिळून ४ टक्के वाढ. ती १०० वर मोजायची नाही, ८५ वर मोजायची. नवी मर्यादा ८८ डॉलर ४० सेंट. आता मंदी सरली आणि ९७ डॉलर जमा झाले, तरी सरकारला ८ डॉलर ६० सेंट परत द्यावे लागणार. मंदीच्या आधीपेक्षा उत्पन्न कमी आहे, शाळांत मुलं वाढली आहेत, आणि तरीही तिजोरीत ‘जादा’ पैसा! २००१ नंतरच्या मंदीत हेच घडलं. शेवटी २००५ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर बिल ओवेन्स यांनी डेमोक्रॅटिक विधिमंडळाशी हातमिळवणी करून ‘रेफरेंडम सी’ लोकांपुढे ठेवला. जेमतेम ५२ टक्क्यांनी तो पास झाला. पाच वर्षं परताव्याला सुट्टी मिळाली आणि मंदीनंतर मर्यादा खाली घसरण्याचा प्रकारही थांबला. आज जो ‘टेबर कॅप’ ऐकू येतो तो हा दुरुस्त केलेला.

परतावा कोणाला, किती

हा पैसा आपोआप येत नाही. राज्याचा इन्कम टॅक्स रिटर्न भरला तरच मिळतो. त्या करवर्षात पूर्ण वर्ष कोलोरॅडोत राहिलेलं असावं लागतं. मार्चमध्ये टेक्सासहून बदली होऊन आलात तर त्या वर्षाचा परतावा विसरा. नागरिकत्वाची अट नाही. एच-वन-बीवरची, ग्रीन कार्डवाली मंडळी वर्षभर इथे राहून रिटर्न भरत असतील तर त्यांनाही हक्क आहे.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते घरातल्या कमी किंवा शून्य उत्पन्नाच्या माणसाचे. कॉलेजात जाणारा अठरा पूर्ण झालेला मुलगा, ग्रीन कार्डवर येऊन राहिलेले आई-वडील. ‘त्यांना कुठे पगार आहे?’ म्हणून रिटर्न भरला जात नाही आणि काही शे डॉलर सरकारजमा राहतात. त्या वर्षाच्या फॉर्मवरच्या अटी वाचा, पात्र असतील तर कर शून्य असला तरी त्यांचा राज्याचा रिटर्न भरा. टूरिस्ट व्हिसावर सहा महिने आलेल्या आई-बाबांना यात जागा नाही. तारीख एप्रिलची, मुदतवाढ घेतली असेल तर ऑक्टोबरची. त्यानंतर रडून उपयोग नाही.

रक्कम दरवर्षी बदलते, आणि वाटायची पद्धतही. त्यातच राजकारण आहे. रूढ पद्धत सहा टप्प्यांची, म्हणजे उत्पन्न जास्त तर परतावा जास्त. २०२४ च्या रिटर्नवर एकट्या माणसाला तळाच्या टप्प्यात १७७ डॉलर मिळाले, वरच्या टप्प्यात ५६५. याउलट २०२२ चे ७५० आणि २०२३ चे ८०० सगळ्यांना सारखेच. २०२२ चे पैसे नेहमीच्या वेळापत्रकाने २०२३ च्या वसंतात यायचे. ते निवडणुकीच्या तोंडावर, ऑगस्ट-सप्टेंबरात, ‘कोलोरॅडो कॅशबॅक’ असं बाळसेदार नाव घेऊन घरोघर पोचले. कायद्याने जे परत द्यायचंच होतं त्याला कॅशबॅक म्हणणं म्हणजे दुकानदाराने सुटे पैसे देताना बक्षीस दिल्याचा आव आणण्यासारखं.

हा पैसा दरवर्षी धरून चालू नका. उत्पन्न मर्यादेखाली राहिलं तर परतावा शून्य, आणि अशी वर्षं १९९२ नंतर भरपूर गेली आहेत. घराच्या हप्त्याचं गणित त्यावर बसवू नये. फेडरल रिटर्नवर तो उत्पन्न म्हणून दाखवायचा का, हाही प्रश्न दरवर्षी पडतो. २०२२ च्या रकमेबद्दल आयआरएसने ‘दाखवायची गरज नाही’ हे जाहीर केलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, लोकांचे रिटर्न भरायला सुरुवात झाल्यावर. स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांना सहसा चिंता नसते. आयटमाइझ करणाऱ्यांनी सीपीएला विचारावं.

चेकची दुसरी बाजू

आता खर्चाचा रकाना. सरकारला कर वाढवता येत नाही, पण खड्डे बुजवावेच लागतात. मग वाट निघते ती ‘फी’ची. टेबरच्या भाषेत कर आणि फी वेगळ्या. फीवर चालणारा सरकारी उपक्रम ‘एंटरप्राइझ’ ठरला की त्याची कमाई मर्यादेत धरली जात नाही.

पेट्रोलचंच पाहा. इथे गॅस म्हणतात. राज्याचा कर गॅलनला २२ सेंट, १९९१ पासून तेवढाच. २०१८ मध्ये रस्त्यांसाठी पैसा उभारायचे दोन प्रस्ताव मतपत्रिकेवर आले, दोन्ही पडले. मग २०२१ च्या कायद्याने रोड यूसेज फी आली, गॅलनला २ सेंटपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने वाढणारी. त्याच कायद्यातली दुसरी फी तुम्ही रोज भरता: रिटेल डिलिव्हरी फी. १ जुलै २०२२ पासून प्रत्येक डिलिव्हरीमागे २७ सेंट, पुढे २८, मग २९. ॲमेझॉनचं पार्सल असो की डोअरडॅशने आलेली बिर्याणी, ऑर्डरमध्ये एक जरी करपात्र वस्तू असली की लागू. पावतीवर खाली बारीक अक्षरात असते.

वाचवायची साधी युक्ती आहे. ही फी ऑर्डरमागे लागते, खोक्यांमागे नाही. एका ऑर्डरचं सामान तीन खेपांत आलं तरी फी एकदाच. तेच सामान रोज आठवेल तसं वेगवेगळं मागवलं तर दर वेळी. आठवड्याला तीन ऑर्डरी धरल्या तर वर्षाला साधारण ४० ते ४५ डॉलर. रक्कम छोटी वाटते, पण तिच्यासाठी तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं हे लक्षात घ्या. फीची ही वाट मतदारांच्या आधीच लक्षात आली होती. २०२० मध्ये ‘प्रपोझिशन ११७’ पास झालं. पहिल्या पाच वर्षांत १० कोटी डॉलरहून अधिक फी गोळा करणारा नवा राज्य उपक्रम काढायचा तर आता तेही मतदानाला आणावं लागतं.

दुसरी मोठी बाजू शिक्षणाची. राज्याची विद्यापीठं २००४ च्या कायद्यानंतर बहुतांशी एंटरप्राइझ म्हणून चालतात, म्हणजे फीवर भिस्त. राज्याचा वाटा विद्यार्थ्याच्या नावाने येतो, ‘कॉलेज अपॉर्च्युनिटी फंड’ म्हणून. मूल इन-स्टेट ट्यूशनवर बोल्डर किंवा फोर्ट कॉलिन्सला जाणार असेल तर या फंडाचा अर्ज भरून, तो वापरायला परवानगी दिली आहे का, हे आधी पाहा. नाहीतर तेवढ्या रकमेचं बिल पालकांच्या नावावर पडतं. शाळांची गत अशी की राज्यातल्या १७८ डिस्ट्रिक्टपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी, मुख्यतः ग्रामीण भागात, शाळा आठवड्यातून चारच दिवस भरते. सगळा दोष टेबरवर टाकणं बरोबर नाही, अंतरं लांब आणि शिक्षक मिळत नाहीत हीही कारणं आहेत. पण पैशाची चणचण त्यात आहेच.

शहराला आणि शाळेला यातून सुटायची वाट आहे, आणि तिला लोकांनी ब्रूस यांचंच नाव दिलंय: ‘डी-ब्रूसिंग’. जादा पैसा ठेवून घेऊ द्या, अशी स्थानिक मतदारांची परवानगी. जवळपास सगळ्या शाळा-डिस्ट्रिक्टनी ती घेतली आहे. त्यापलीकडे शाळेसाठी जादा मालमत्ता कर मतदानाने मंजूर होतो, त्याला ‘मिल लेव्ही ओव्हरराइड’ म्हणतात. घर घेताना फक्त शाळेचं रेटिंग बघणारी मंडळी प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरची ती ओळ वाचत नाहीत. वाचा. शेजारच्या दोन गावांत तेवढ्याच किमतीच्या घराला वेगवेगळं बिल येतं ते बरंचसं यामुळे.

आणखी एक गोम, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इन्कम टॅक्सचा दर मतदारांनी दोनदा उतरवला: २०२० मध्ये ४.६३ वरून ४.५५ टक्के, २०२२ मध्ये ४.५५ वरून ४.४० टक्के. दुसऱ्या कपातीत करपात्र उत्पन्न १ लाख डॉलर असलेल्याचे १५० डॉलर वाचले, ६० हजारवाल्याचे ९०, आणि १० लाखवाल्याचे १,५००. पण ज्या वर्षी परतावा निघायचा असतो त्या वर्षी ही कपात सरकारच्या खर्चातून जात नाही, परताव्याच्या भांड्यातून जाते. म्हणजे सगळ्यांत वाटायचा पैसा आधीच वेगळ्या प्रमाणात वाटून टाकला. ‘कर कमी’ या दोन शब्दांवर हो म्हणण्याआधी त्या वर्षी परतावा आहे का, हे विचारा. मध्यमवर्गीय घराला कधीकधी यात आवळा घेऊन कोहळा गमवावा लागतो.

असा प्रस्ताव आणायला काय पडतं

कोलोरॅडोत अर्जाची फी शून्य. दोन अधिकृत प्रतिनिधी नेमायचे, मसुदा विधिमंडळाच्या कर्मचाऱ्यांकडे द्यायचा, ते जाहीर बैठकीत त्यातल्या त्रुटी दाखवतात. वकील न लावता इथपर्यंत जाता येतं, आणि विधेयक लिहायचं हे मोफत शिक्षण अनेकजण घेतात. पुढे टायटल बोर्ड. सेक्रेटरी ऑफ स्टेट, ॲटर्नी जनरल आणि विधिमंडळाचं कायदा कार्यालय यांचे तिघे प्रतिनिधी मतपत्रिकेवर छापायचा प्रश्न ठरवतात. प्रस्तावात विषय एकच हवा. विरोधक इथेच हरकत घेतात, प्रकरण थेट राज्याच्या सुप्रीम कोर्टात जातं, आणि वकिलाचं मीटर सुरू होतं.

मग सह्या. साध्या कायद्यासाठी सध्या १,२४,२३८ वैध सह्या, सहा महिन्यांत. म्हणजे दिवसाला जवळपास ६९०, रविवार आणि बर्फाचे दिवस धरून. पत्ता चुकला, नोंदणी नाही, दोनदा सही केली, अशा कारणांनी बऱ्याच बाद होतात, म्हणून समजा पावणेदोन लाख गोळा करायच्या. स्वयंसेवकाने तासाला दहा मिळवल्या तर साडेसतरा हजार तास. हे जमणारं मंडळ विरळा. म्हणून सह्या विकत घेतल्या जातात, म्हणजे सही गोळा करणाऱ्या कंपनीला ठेका दिला जातो. सहीमागे १० डॉलर धरले तरी साडेसतरा लाख डॉलर, प्रचाराचा एक पैसाही न खर्चता. पैसे देऊन सह्या गोळा करण्यावर कोलोरॅडोत पूर्वी बंदी होती. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केली.

टेबरसारखी घटनादुरुस्ती आता अधिक महाग आहे. २०१६ च्या दुरुस्तीपासून राज्याच्या ३५ सिनेट डिस्ट्रिक्टपैकी प्रत्येकात नोंदलेल्या मतदारांच्या २ टक्के सह्या लागतात, आणि मतदानात ५५ टक्के. गंमत अशी की १९९२ चा टेबर आजच्या या नियमाने पडला असता. आणि घटनेतलं कलम निव्वळ काढून टाकायचं असेल तर मात्र साधं बहुमत पुरतं.

इतर राज्यांनीही हा माल मागवून पाहिला. २००६ मध्ये मेन, नेब्रास्का आणि ओरेगनच्या मतदारांनी असे प्रस्ताव नाकारले, मेनने २००९ मध्ये पुन्हा नाकारला. एवढ्या वर्षांत दुसऱ्या एकाही राज्याने टेबर जसाच्या तसा घेतलेला नाही.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी थोडक्यात: तिथली खर्चमर्यादा टेबरहून जुनी. नोव्हेंबर १९७९ चं प्रपोझिशन ४, पॉल गॅन यांच्या नावाने ‘गॅन लिमिट’. सुमारे ७४ टक्क्यांनी पास. १९८७ मध्ये तिच्यामुळे करदात्यांना १.१ अब्ज डॉलर परत मिळाले, आणि पुढच्या तीन वर्षांत प्रपोझिशन ९८ आणि १११ ने तिचे दात बरेच बोथट केले. तिथे प्रस्ताव दाखल करायची फी २,००० डॉलर (आधी २०० होती). प्रस्ताव मतपत्रिकेवर गेला तर परत.

दुकानाबाहेर क्लिपबोर्ड घेऊन कोणी उभं असेल तर

सही फक्त नोंदणीकृत मतदाराने करायची. ग्रीन कार्ड आहे, दहा वर्षं राहतोय, मुलं इथली, काहीही असो, नागरिकत्व नसेल तर सही नको आणि ‘नोंदणीही लगेच करून देतो’ या आग्रहालाही बळी पडू नका. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवलं गेलं तर पुढे नॅचरलायझेशनच्या अर्जात ते अंगाशी येतं, हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. भिडस्तपणाची ही किंमत फार मोठी आहे. प्रस्तावाच्या समितीला वर्गणी देण्याचंही तेच: नागरिक नसाल तर देऊ नका.

नागरिक असाल तर वरचा छापलेला प्रश्न वाचा. उभा असलेला माणूस काय सांगतो त्यावर जाऊ नका. त्याला सहीमागे पैसे मिळत असतील. मोंटानात २००६ मध्ये राज्याचा खर्च मर्यादित करणारा प्रस्ताव कोर्टाने मतपत्रिकेवरून काढला, कारण सह्या गोळा करताना फसवणूक झाली होती: एका अर्जावर सही करतोय असं समजून लोकांनी खालच्या दुसऱ्याच अर्जांवर सह्या केल्या होत्या. क्लिपबोर्डवरचं प्रत्येक पान उलटून बघा. पत्ता मतदार नोंदणीत आहे तोच लिहा. बायको गाडीत बसली आहे म्हणून तिच्या नावापुढे आपण सही ठोकणं हा गुन्हा आहे.

मतपत्रिका आल्यावर

सप्टेंबर-ऑक्टोबरात टपालाने ब्लू बुक येतं. सरकारी छपाईचं, रुक्ष, पण प्रत्येक प्रस्तावाचा आर्थिक परिणाम त्यात तटस्थपणे लिहिलेला असतो. टीव्हीवरच्या जाहिरातींपेक्षा तेच वाचावं. प्रश्नाच्या पहिल्या काही शब्दांवरून तो ओळखता येतो. करवाढीचा प्रश्न टेबरनुसार ‘कर वर्षाला इतक्या डॉलरने वाढवावेत का’ असाच सुरू होतो, ठळक मोठ्या अक्षरात. त्यावर उतारा म्हणून २०२१ मध्ये विधिमंडळाने करकपातीच्या प्रश्नालाही शेपूट जोडलं: कपातीमुळे कोणत्या तीन मोठ्या सेवांचा निधी घटेल ते आधी सांगायचं. आणि ‘कर न वाढवता’ अशी सुरुवात दिसली की समजा, तुमचा परतावा सरकारने ठेवून घ्यावा का, असा प्रश्न आहे. २०१९ चं प्रपोझिशन सीसी असंच होतं. लोकांनी नको म्हटलं. २०२३ चं एचएच मालमत्ता कर कमी करतो म्हणत होतं आणि परताव्यातला वाटा ठेवून घेत होतं. तेही पडलं, बऱ्याच मोठ्या फरकाने.

अशा प्रश्नाला हो म्हणायचं की नाही हे घराघराचं गणित आहे. मुलं सरकारी शाळेत, दोघांचे पगार चांगले, तर परतावा सोडून शाळेला पैसे मिळणं स्वस्त पडू शकतं. निवृत्त, ठरावीक उत्पन्नावर जगणाऱ्या जोडप्याला काही शे डॉलर महत्त्वाचे. मी स्वतः करवाढीच्या मतदानाचा हक्क कायम ठेवीन आणि मर्यादेचं सूत्र मात्र बदलीन. महागाई मोजायचं निर्देशांकाचं माप शहरातल्या ग्राहकाच्या खरेदीवर बेतलेलं आहे, आणि राज्य सरकार दूध-ब्रेड विकत घेत नाही, नर्स, शिक्षक आणि डांबर विकत घेतं.

मतपत्रिका निवडणुकीच्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत पोचलेली असायला लागते. पोस्टाचा शिक्का त्या दिवसाचा असून चालत नाही. शेवटच्या आठवड्यात टपालपेटीचा नाद सोडून काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाका, आणि पाकिटावर सही करायला विसरू नका.